टँकरच्या रांगेतले झोंबी : एका लघुपटाच्या दोन खेळांची नोंद

चौदाव्या मिनिटाला सभागृह गप्प झालं. सगळ्यात मोठा हशा तिथंच येणार, असं आम्ही पटकथा लिहितानाच धरून चाललो होतो. पडद्यावर टँकर, टँकरपुढं रांग, रांगेतल्या माणसांचे डोळे पांढरेफटक, हनुवटीवरून रक्त ओघळतंय, आणि तरीही प्रत्येकाच्या हातात नाहीतर कमरेवर घागर. माणूस मेला, झोंबी झाला, पण नंबर सोडत नाही. ओळखीतल्या ज्यांना ज्यांना हा प्रसंग लॅपटॉपवर दाखवला होता, ते सगळे खदखदून हसले होते. सभागृहात कुणी हसलं नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. पंख्यांचा आवाज येत होता आणि बायका बसल्या होत्या त्या बाजूनं कुजबुज.

पुढचे दोन महिने आम्ही त्या एका मिनिटावर भांडलो. त्यातून जे हाती लागलं ते तपशिलात लिहून ठेवतो आहे. विनोदी लघुपट करणारी पोरं आता गल्लोगल्ली आहेत, आणि खेळ संपला की आपण एकमेकांना एकच प्रश्न विचारतो : लोक हसले का? आम्हीही तोच विचारला, आणि त्याच्या नादानं सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग कापून टाकायला निघालो होतो.

गोष्ट काय होती

कोल्हापुरातल्या आठ-दहा पोरांनी मिळून हा ३४ मिनिटांचा लघुपट केला. मी संकलक. गोष्ट अशी : एका पेठेत चार दिवस नळाला पाणी नाही. एक ठेकेदार टँकर पाठवतो. ते पाणी जो पितो तो झोंबी होतो. पण हे झोंबी कुणाच्या मागं धावत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा रांगेत येऊन उभे राहतात. चावतात ते फक्त रांग मोडणाऱ्याला. ठेकेदाराच्या लक्षात येतं की ही माणसं जेवत नाहीत, मजुरी मागत नाहीत, तक्रार करत नाहीत. मग तो त्यांना ट्रॉलीत घालून गुऱ्हाळावर कामाला नेतो. उत्तरार्ध सगळा गुऱ्हाळावर घडतो.

गुऱ्हाळ आमच्या दिग्दर्शकाला सुचलं त्यामागं वाचन होतं. झोंबी म्हणजे माणसाचं मांस खाणारं मढं, ही कल्पना तशी अलीकडची. हायतीच्या लोककथांतला झोंबी कुणाला खात नाही. तो मेलेला, जादूनं उठवलेला आणि दुसऱ्यासाठी राबणारा माणूस आहे. हायतीत फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबले. मेल्यावरही सुटका नाही, ही त्यांची भीती त्या कल्पनेत उतरली आहे. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' या अमेरिकन सिनेमात साखरेचा कारखाना झोंबी चालवतात. त्यातला एकजण घाण्यात पडतो आणि बाकीचे न थांबता फिरवत राहतात. माणसं खाणारा झोंबी रूढ केला तो जॉर्ज रोमेरोनं १९६८ साली, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधून, आणि त्या सिनेमात तर झोंबी हा शब्दच कुणी उच्चारत नाही.

ऊस, घाणा आणि मेलेला मजूर. आमच्या जिल्ह्यात बसून हे वाचल्यावर गुऱ्हाळाशिवाय दुसरं काय सुचणार? पोरं जिद्दीनं त्यामागं लागली ती योग्यच होती, असं मला आजही वाटतं.

पोस्टरनं आणलेले प्रेक्षक

पहिला खेळ जुलैत ठेवला, शहरातल्या एका छोट्या सभागृहात. पोस्टरवर 'झोंबी' हा शब्द सगळ्यात मोठा होता, आणि मराठीत त्या शब्दाला आधीपासूनचं घर आहे हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. झोंबी म्हणजे कुस्तीतली झटापट, अंगाला अंग भिडणं. कोल्हापुरात तालमीच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसाच्या मनात हा शब्द वाचून पहिलं काय येणार? त्यात कागलचे आनंद यादव. त्यांची 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी शाळा-कॉलेजांतून वाचली गेली, तिला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकण्यासाठी बापाशी आणि दारिद्र्याशी झोंबणाऱ्या पोराची ती गोष्ट. पहिल्या दोन रांगांत सहा-सात वयस्क मंडळी येऊन बसली होती. एक आण्णा आत शिरतानाच मला म्हणाले, "यादवांच्या पुस्तकावर काढलाय न्हवं? बरं केलंसा."

मी त्यांना खरं सांगितलं. ते थांबले. "आलोय तर बघून जातो," म्हणाले.

हे प्रेक्षक पुढं फार महत्त्वाचे ठरले. तरुण पोरांना झोंबी ठाऊक असतो. २०२२ च्या जानेवारीत आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' हा सिनेमा आल्यापासून मराठीतही तो परका राहिलेला नाही. पण पहिल्या दोन रांगांना हे नियमच माहीत नव्हते. चावलं की माणूस झोंबी होतो, डोळे पांढरे म्हणजे आतला माणूस संपला, असलं काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना पडद्यावर दिसत होती ती आजारी माणसं. रांगेत उभी, तोंडातून रक्त येणारी, पाण्यासाठी थांबलेली. एका आजींनी शेजारच्या मुलीला विचारलेलं मला ऐकू आलं : "ह्यास्नी दवाखान्यात का न्हेत न्हाईत?"

आम्ही हा प्रश्न कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

काकवी

प्रेक्षकांची प्रतिक्रिया म्हटलं की पहिला प्रश्न येतो किळस आणि भीतीचा, तेव्हा रक्ताचं सांगून टाकतो. बाजारातलं मेकअपचं रक्त परवडणारं नव्हतं. आम्ही काकवी घेतली. लाल खाण्याचा रंग, चमचाभर कोको पावडर, थोडं कोमट पाणी. काकवीला मुळातच तपकिरी छटा असते, त्यामुळं रक्त वाळल्यासारखं दिसतं आणि हनुवटीवर तार धरून हळू ओघळतं. कॅमेऱ्याला जवळ नेलं तरी खोटं वाटत नाही. त्रास एवढाच की पहाटेच्या चित्रीकरणात दहा मिनिटांत मुंग्या आणि मग माश्या. दोन ठिकाणी झोंबीच्या गालावर खरी माशी बसली आहे. ते शॉट मी मुद्दाम ठेवले.

सभागृहात या रक्तावर शहारे आले ते त्या माशीपाशी, रक्तापाशी नव्हे. खेळाच्या वेळी मोबाईलवर केलेल्या ध्वनिमुद्रणात तिथं स्पष्ट "शी" ऐकू येतं. या गावाला पडद्यावरचं खोटं रक्त नवं नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथं केलेल्या 'सैरंध्री'त, १९२० साली, कीचकवधाचा प्रसंग बघणाऱ्यांना इतका खरा वाटला की पुढं तो कापावा लागला, असं सांगतात. जुन्या माणसांच्या तोंडी ही गोष्ट अजून आहे. त्यामुळं नुसत्या रक्तानं कोल्हापूरकर दचकेल, ही आशा आम्ही लवकर सोडली.

शांतता ऐकायची कशी

खेळाच्या वेळी मी एक मोबाईल आवाज टिपायला लावून मागच्या खिडकीत ठेवला होता. घरी येऊन ते मुद्रण संकलनाच्या टाइमलाइनवर सिनेमाच्या आवाजाखाली जुळवून बसवलं. म्हणजे कुठल्या शॉटवर, कुठल्या शब्दानंतर सभागृहात काय झालं ते सेकंदागणिक दिसतं. हे कुणीही करू शकतं, पैसा लागत नाही. ज्यांनी केलं नाही त्यांनी एकदा करावंच.

हशाच्या लाटा टाइमलाइनवर उंच दिसतात. पहिलीच लाट तिसऱ्या मिनिटाला, पहिला झोंबी आला तेव्हा. आम्हाला तिथं भीती हवी होती. पण ती भूमिका करणारा पोरगा पेठेत सगळ्यांच्या ओळखीचा, त्याची फाटकी बनियन दिसली आणि अर्धं सभागृह त्याच्या नावानं ओरडलं. नववं मिनिट : झोंबी झालेला काका रस्सा चाखून "तिखट कमी हाय" म्हणतो. टाळ्या, शिट्या. ही लाट सगळ्यात उंच आणि सगळ्यात अरुंद. दोन सेकंदांत सभागृह रिकामं झाल्यासारखं शांत. रश्श्याचा विनोद कोल्हापुरात कुणीही केला तरी हशा येतो, तो सिनेमाचा नसतो. आणखी एक विनोद होता, ठेकेदाराच्या डोक्याचा वास घेऊन झोंबी तोंड फिरवतो, आत मेंदूच नाही म्हणून. हा सगळ्यांनी मोबाईलवर शंभरदा पाहिलेला. एकही आवाज नाही.

पण मला हशापेक्षा शांततेनं जास्त शिकवलं. मुद्रणात लांब शांतता तीन ठिकाणी होती. सातव्या मिनिटाला, चौदाव्याला आणि सत्ताविसाव्याला. टाइमलाइनवर तिन्ही सपाट रेघा, सारख्याच दिसतात. हेडफोन लावून ऐकल्यावर तिन्ही वेगळ्या निघाल्या. सातव्या मिनिटाला नगरसेवक होऊ पाहणाऱ्या माणसाचं लांबलचक भाषण आहे. तिथं खुर्च्या करकरतात, कुणीतरी खोकतं, वेफर्सचं पाकीट फुटतं, एक मोबाईल वाजतो आणि तो घेतलाही जातो. ही कंटाळ्याची शांतता. सत्ताविसाव्या मिनिटाला गुऱ्हाळावर एक झोंबी उकळत्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, हात घालून मळी, म्हणजे वर आलेला मळकट फेस, काढायला लागतो आणि बाकीचे खाली चुलवाणात चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला वाळका ऊस, घालत राहतात. तिथं काहीच ऐकू येत नाही. खोकला नाही, खुर्ची नाही. छपरावरचा पाऊस तेवढा आहे. आणि चौदाव्या मिनिटाला कुजबुज. शब्द कळत नाहीत, पण आवाज बायकांचे आहेत आणि एकमेकींना काहीतरी सांगितलं जातंय.

पहिल्या बैठकीत आम्ही या तिन्ही जागा 'पडल्या' म्हणून लिहून ठेवल्या होत्या. तिन्ही छाटायच्या, असं ठरलंही होतं. सत्ताविसाव्या मिनिटाचा प्रसंग कापला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

काकी काय म्हणाल्या

रांगेचं चित्रीकरण नदीच्या बाजूच्या एका गल्लीत झालं होतं. घागरी तिथल्याच बायकांनी दिलेल्या. चार-पाच जणी खेळालाही आल्या होत्या. खेळ संपल्यावर चहाच्या वेळी त्यांतल्या एक काकी आमच्याजवळ आल्या. मी त्यांचं बोलणं त्याच रात्री उतरवून ठेवलं.

"पोरांनो, एक बोलू? राग न्हाई ना येनार?"

"बोला की काकी."

"आमास्नी भुतं केलासा त्याचं काय न्हाई. शिनिमा हाय. पर भुतं व्हायच्या आदी आमी मानसं हुतो, ते कुठं दावलंसा?"

दिग्दर्शक म्हणाला, "काकी, आम्ही तुम्हाला हसत नव्हतो. त्या ठेकेदाराला हसत होतो."

"मग त्यो कुठं हुता तवा? रांगंत तर आमीच हुतो."

याच्यापुढं आमच्यापैकी कुणाला काही बोलता आलं नाही. काकींनी मग पुराचं सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गल्लीत कमरेएवढं पाणी आलं, त्या नातेवाइकांकडे वरच्या भागात गेल्या, आणि तिथं टँकरच्या रांगेत आठवडाभर थांबल्या. भर पावसात, पोराच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरून.

जे कोल्हापूरचे नाहीत त्यांना हे विचित्र वाटेल. आमच्याकडे टँकरची सगळ्यात मोठी आठवण उन्हाळ्याची नाही, पुराची आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली. नदीकाठची पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली, पंप बंद, नळ कोरडे. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकर. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आम्ही पटकथा मे महिन्यात लिहिली, डोक्यात उन्हाळा होता. पाहणाऱ्यांच्या डोक्यात पूर होता. त्यात खेळ जुलैतला, बाहेर तीन दिवस झड लागून राहिलेली. जुलै-ऑगस्टात नदीकाठचं माणूस सकाळी उठून मोबाईलवर आधी 'आज किती फूट' ते बघतं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी सभागृहातही लोक तेच बघत होते. अशा संध्याकाळी आम्ही त्यांना टँकरची रांग दाखवली, रांगेतल्यांना रक्ताळलेलं केलं आणि हसा म्हणालो.

आणि नुसत्या पाण्याचीही भीती आहे. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. दूषित पाणी पिऊन माणूस बदलतो ही आमच्या सिनेमातली कल्पना या जिल्ह्यातल्या घराघरांत घडून गेलेली गोष्ट आहे. त्या आजींचा दवाखान्याचा प्रश्न मला तेव्हा नीट कळला.

भांडण

दिग्दर्शकाचं म्हणणं असं होतं की दुखलं तर दुखू दे. विडंबन टोचायलाच हवं, नाहीतर तो नुसता रस्सा. प्रेक्षक अस्वस्थ झाले म्हणजे नेम लागला. त्याच्या या म्हणण्यात मला खोट दिसत नाही. दोघा-तिघांचं म्हणणं उलट : रांगच काढून टाकू, झोंबी चौकात दाखवू, पेठापेठांची फुटबॉलची खुन्नस घेऊ, हशाच हशा. ती सूचना सोपी होती म्हणूनच धोक्याची होती.

मी काकींच्या एका वाक्यावर अडलो होतो. रांगेत तर आमीच हुतो. झोंबीपटातलं विडंबन कुणावर आहे हे संवादांवरून ठरत नाही. झोंबी कुणाला केलं यावरून ठरतं. रोमेरोनं १९७८ च्या त्याच्या सिनेमात झोंबी मॉलमध्ये फिरवले, म्हणून तो सिनेमा खरेदीत गुंग झालेल्यांवर बोलला. आम्ही पाण्याला थांबलेल्या बायकांना झोंबी केलं, आणि म्हणालो की आमचा रोख ठेकेदारावर आहे. कॅमेरा ठेकेदाराच्या बाजूला उभा होता. तो जिथून रांगेकडे बघतो तिथूनच आम्ही बघत होतो, त्याच्याच उंचीवरून, टँकरवर चढून. नेम लागला होता हे खरं, पण भलत्याच माणसाला.

नवं चित्रीकरण करायला पैसे नव्हते. मग मी रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, पुन्हा सगळ्या पाहिल्या, पहिल्या दिवसापासून. पहाटे साडेपाचला, मेकअपच्या आधी, आमच्या कॅमेरामननं प्रकाश तपासायला म्हणून गल्लीतल्या खऱ्या बायकांचं वीसेक मिनिटांचं चित्रण केलं होतं. कुणी घागर ठेवून नंबर लावतंय, कुणी दगड, कुणी पायातली चप्पल. एक बाई पोराला शाळेला सोडायला जाते आणि शेजारीण तिची घागर पायानं पुढं सरकवत राहते, बोलता बोलता, खाली न बघता. अकरा सेकंदांचा शॉट. इतके दिवस तो 'प्रकाश चाचणी' नावाच्या फोल्डरमध्ये पडून होता.

ते चित्रण मी झोंबीच्या आधी लावलं. मग ठेकेदाराचा भाचा. आधीच्या कटमध्ये तो एकदाच यायचा, सोळाव्या मिनिटाला : वीस-वीस लिटरचे चार कॅन घेऊन झोंबींच्या रांगेत घुसतो, आणि सगळी रांग एकदम मान वळवून त्याच्याकडे बघते. सभागृहात यावर फक्त मागची पोरं हसली होती, कारण तोवर पुढची माणसं आमच्यापासून तुटली होती. भाच्याचा एक वाया गेलेला टेक होता, त्यात बायका मेकअपशिवाय होत्या. तो मी आधी आणला. आता भाचा पहिल्यांदा घुसतो तेव्हा रांग जिवंत आहे आणि कुणी काही बोलत नाही. एक बाई फक्त पदर खोचते. दुसऱ्यांदा घुसतो तेव्हा रांग मेलेली आहे, आणि ती वळते. टँकरवरचा वरून घेतलेला शॉट काढला. भाषण निम्मं केलं. मेंदूचा विनोद गेला. रस्सा राहिला, कारण त्यावर मतदान झालं आणि मी हरलो.

वळण्याच्या शॉटनंतर मी ४० फ्रेम मोकळ्या ठेवल्या, दीड सेकंदाहून थोडं जास्त. आधी तिथं लगेच भाच्याचा संवाद होता. हशा आला की पुढचं वाक्य त्यात बुडतं आणि माणसं चुकलेलं ऐकायला हसू आवरतात. विनोदाला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते. नाटकवाले हे रंगमंचावर आपोआप करतात, आम्हाला ते आधीच कापून ठेवावं लागतं.

चौकातला खेळ

दुसरा खेळ गणपती झाल्यावर, एका पेठेतल्या चौकात, पांढरा पडदा आणि भाड्याचा प्रोजेक्टर लावून. प्रवेश खुला. चौकातल्या प्रेक्षकाची रीत वेगळी. आमच्याकडच्या माणसाला गणेशोत्सवात जिवंत देखावे उभ्यानं बघायची सवय आहे, त्यात पाण्यावर, भ्रष्टाचारावर, व्यसनावर तिरकस बोललेलं त्याला नवं नाही. पण तो पंधरा-वीस मिनिटं थांबतो आणि पुढच्या मंडळाकडं जातो. बघताना पडद्याशी बोलतो. "आरं मागं बघ की", "हाण त्येला", "भावा, पळ". मोबाईल या वेळी पानटपरीच्या फळीवर ठेवला होता.

अर्धे संवाद गाड्यांच्या आवाजात गेले. ज्यांची मला काळजी वाटत होती ते शाब्दिक विनोद सगळे पडले, एकही उरला नाही. रश्श्याला शिट्या आल्या. फुटबॉलची खुन्नस आम्ही घेतली नव्हती, ते किती शहाणपणाचं झालं हे त्या चौकात उभं राहिल्यावर पटलं.

काकी आल्या होत्या, गल्लीतल्या सात-आठ जणींना घेऊन. मुद्रणात पहाटेच्या रांगेचा प्रसंग सुरू होतो तिथं टपरीजवळून एक आवाज येतो, "ती निळी घागर माजी." दुसरा आवाज, "आनि ही बघ मी, चप्पल ठिवताना." हसतात. मग भाचा पहिल्यांदा घुसतो आणि एक पुरुषी आवाज शिवी देतो, ती मी इथं लिहीत नाही. चौक चिडला होता. पुढं तीच रांग पांढऱ्या डोळ्यांची होऊन आली तेव्हा कुजबुज नव्हती. भाचा कॅन घेऊन पुन्हा आला, रांग वळली, आणि त्यानंतर मुद्रणात काही सेकंद नुसती खरखर आहे. आवाज मोबाईलच्या ताकदीबाहेर गेला. माझ्या ४० फ्रेम कमी पडल्या.

सगळं जुळून आलं असं मात्र नाही. पहिल्या खेळाला आलेले आण्णा याही खेळाला आले होते, स्वतःची खुर्ची घेऊन. त्यांचं मत बदललं नाही. "गरिबाला भूत करून नगंच दावाय," एवढंच म्हणाले. मी त्यांना पहाटेच्या चित्रणाबद्दल विचारलं. "ते लई चांगलं. तेवडंच ठिवायचं हुतं." त्यांच्या म्हणण्याला माझ्याकडं उत्तर नाही आणि मी ते शोधायची घाईही करत नाही.

आणि गुऱ्हाळ पडलं. सभागृहात ज्या प्रसंगानं माणसं खिळली होती त्या सत्ताविसाव्या मिनिटाला चौकात बुलेट गेली, पोरं पांगायला लागली, मागं कुणीतरी वडापावच्या ऑर्डरी विचारत होतं. तशी शांतता चौकात होतच नाही. तो प्रसंग कापायचा नाही यावर या वेळी सगळ्यांचं एकमत झालं, त्याला जागा दुसरी पाहिजे. त्यातल्या चुका वेगळ्याच. कागलकडच्या एका पाहुण्यांनी, जे उभ्या आयुष्यात गुळव्याचं, म्हणजे गूळ तयार करणाऱ्याचं, काम करत आले, सांगितलं की मळी अशी हातानं कुणी काढत नाही हे तुम्हाला माहीत असेल, पण काहिलीला अशी उकळी असताना चुलवाणात चिपाड एवढं घालत नाहीत, पाक करपतो, आणि रसातली मळी वर यायला घालतात तो भेंडीचा चिक घातलेला कुठं दिसला नाही. मेलेला मजूर चुकेल, पण त्याच्या हाताला लागलेली सवय चुकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून दिग्दर्शक वहीच काढून बसला.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की त्याच पाहुण्यांच्या गावात, गुऱ्हाळावरच, रात्रीच्या पाळीला खेळ करायचं ठरलं आहे. पडदा ट्रॉलीला बांधायचा. चिपाडाचे तीन शॉट त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा घ्यायचे. मोबाईल कुठं ठेवायचा ते अजून ठरत नाही. काहिलीजवळ ठेवला तर उकळीच्या आवाजात माणसं ऐकू येणार नाहीत, आणि लांब ठेवला तर शांतता कसली आहे ते कळणार नाही.